अनुमोदक

सोमवारी सकाळी पावणेनऊच्या सुमारास दाराची बेल वाजली तेव्हा मी दुसऱ्या चहाचे आधण ठेवत होते. मावशी नेहमी साडेआठला येतात आणि त्यांच्या येण्यावर मी घड्याळ लावावे इतक्या त्या वेळेच्या पक्क्या आहेत, त्यामुळे एवढा उशीर कसा झाला असे मनात म्हणतच मी दार उघडले. त्या चौकटीला हात टेकून उभ्या होत्या आणि बोलण्याआधी श्वास गोळा करत होत्या. पदर पावसाने अर्धा भिजलेला, कपाळावर मात्र घाम. चपला काढताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला, जो त्या एरवी कधीच घेत नाहीत. "लिफ्ट बंद आहे का?" मी विचारले, आणि विचारतानाच मला ठाऊक होते की ती बंद नाही. "चालूय की," त्या म्हणाल्या, "पर कागद लावलाय तिथं. कामाच्या बायांनी मागच्या लिफ्टनं जायचं म्हणं. अन् मागची तर गणपतीपासनं बंदच हाय." आवाजात तक्रार नव्हती, आज पाणी लवकर गेले, असे सांगावे तसे त्या सांगत होत्या. मग आत येता येता त्यांनी सहज विचारले, "सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणं?" दूध उतू जाण्याच्या बेतात होते. मी त्याच्याकडे पाहत म्हटले, "हो, कमिटीनं ठरवलंय." त्या क्षणभर थांबल्या, "असंल," म्हणाल्या, पदर खोचला आणि भांड्यांकडे गेल्या.

ते 'असंल' काही केल्या डोक्यातून जाईना.

कारण कमिटीने काहीही ठरवले नव्हते. ठरवले होते आम्ही, आदल्या दिवशी, रविवारी, पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबर संपायच्या आत घ्यावी लागते, म्हणून ती दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारीच होते. दहाच्या सभेला दहा वाजता सात माणसे असतात, गणसंख्येअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी त्याच सात माणसांत आणखी पंधरा मिसळून पुन्हा भरते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम होते, हिशेबपत्रके मंजूर होतात, पाण्याच्या टाकीवरून नेहमीचे दोघे नेहमीसारखे भांडतात, आणि सगळ्यांचे लक्ष टेबलावरच्या, वर्तमानपत्राने झाकलेल्या वड्यांकडे गेलेले असताना 'आयत्या वेळचे विषय' सुरू होतात. तिसऱ्या मजल्यावरच्या तरुणाने विषय मांडला. सकाळी ऑफिसच्या वेळी लिफ्टला रांग लागते, ओल्या कचऱ्याच्या पिशव्या गळतात, लहान मुलांना शाळेच्या बससाठी ताटकळावे लागते. त्याचे एकेक वाक्य खरे होते. ठरावाच्या मसुद्यात 'कामवाल्या बायका' हे शब्दही नव्हते. 'सेवा पुरवणाऱ्या व्यक्तींनी मुख्य लिफ्टचा वापर टाळावा' अशी सुबक भाषा होती. त्या भाषेत कोणाला काही मनाई केली जात नव्हती, कोणीतरी काहीतरी टाळावे एवढेच म्हटले होते.

"कोणाचा विरोध?" सचिवांनी विचारले, आणि विचारता विचारता पुढचे पान उलटले.

त्या पान उलटण्याच्या आवाजाइतकाच वेळ आमच्याकडे होता. मला नीट आठवते की माझ्या पोटात काहीतरी हलले. मागची लिफ्ट बंद आहे, हे वाक्य ओठांपर्यंत आले. मी डावीकडे पाहिले. चौथ्या मजल्यावरचे आजोबा चष्म्याच्या काचा पुसत होते. उजवीकडे पाहिले, दोघीजणी शांतपणे समोर बघत होत्या. पंखा फिरत होता, वड्यांचा वास येत होता, आणि एवढी सुशिक्षित, भली माणसे निवांत बसलेली असताना ज्याने उठून बोलावे असे काही घडते आहे, हेच मला खरे वाटेना. माझेच काहीतरी चुकत असेल, असे वाटले. "मग सर्वानुमते धरू?" सचिव म्हणाले. हात वर गेले. माझाही गेला. पुरता नाही, कोपर मांडीवरून सुटले, तळहात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच घुटमळला. पण मोजणाऱ्याला अर्धा हात मोजता येत नाही.

समाजमानसशास्त्रातला एक जुना प्रयोग मला त्यानंतर वारंवार आठवत राहिला. बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी तो १९६८ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत प्रश्नावली भरायला बसवायचे आणि थोड्या वेळाने भिंतीतल्या झरोक्यातून आत धूर सोडायचा. खोलीत एकटाच असलेल्या विद्यार्थ्यांपैकी ७५ टक्के उठले आणि बाहेर जाऊन सांगून आले. पण प्रयोगकर्त्यांना सामील असलेले दोघेजण शेजारी ढिम्म बसून प्रश्नावली भरत असतील, तर उठणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांवर आले. बाकीचे खोकत राहिले, डोळे चोळत राहिले, हाताने धूर बाजूला सारून कागदावरचे प्रश्न वाचत राहिले. नंतर विचारले तेव्हा त्यांनी 'आम्ही घाबरलो' किंवा 'आम्हाला संकोच वाटला' असे सांगितले नाही. कोणी म्हणाले वाफ असेल, कोणी म्हणाले वातानुकूलन यंत्राचे काहीतरी असेल. मला या प्रयोगातले आकडे तितकेसे टोचत नाहीत, ही उत्तरे टोचतात. माणूस शेजाऱ्याचा चेहरा पाहून गप्प बसतो, हे आपण सगळे जाणतोच. पण गप्प बसल्यावर तो समोरच्या धुराचेच नाव बदलतो आणि ते नवे नाव त्याला मनापासून खरे वाटते. आमच्या पार्किंगमध्ये त्या धुराला आम्ही 'सकाळची गर्दी' म्हणत होतो.

आणि चेहरा म्हणजे तरी काय? मी जेव्हा आजोबांचा निर्विकार चेहरा बघत होते, तेव्हा तेही माझा निर्विकार चेहरा बघत असणार. हे मला कळले ते पुढच्या चार-पाच दिवसांत, आणि कळण्याची जागाही अशी की हसावे की रडावे समजू नये. लिफ्टमध्ये. मंगळवारी त्या दोघींपैकी एक मला म्हणाली, "मला नाही हो पटलं ते रविवारचं. पण सगळ्यांचंच मत होतं ना, तुमचंसुद्धा." गुरुवारी आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी असं नव्हतं," आणि मजला आल्यावर घाईने उतरले. शुक्रवारी आणखी एकजण म्हणाली की तिच्या घरच्या बाईंचे गुडघे दुखतात, पण आता ठराव झालाच आहे तर काय करणार. तिघांनीही हे खालच्या आवाजात सांगितले, दार मिटल्यानंतर सांगितले, आणि ज्या डब्यात उभे राहून सांगितले त्यात मावशींना पाऊल ठेवायची सोय आम्हीच ठेवली नव्हती. बावीस माणसांपैकी किमान चौघांना तो ठराव नको होता आणि तो सर्वानुमते मंजूर झाला होता. सगळ्यांचे मत म्हणून जे काही त्या दिवशी खुर्च्यांवर बसले होते, ते नेमके कोणाचे मत होते?

सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यातली बरीच वर्षे या प्रश्नाभोवती घालवली. १९०७ साली वॉर्सात जन्मलेला आणि मुलगा असतानाच अमेरिकेत आलेला हा माणूस आपल्या लहानपणीची एक आठवण सांगत असे. ज्यूंच्या वल्हांडणाच्या रात्री जेवणाच्या मेजावर एलिया प्रेषितासाठी द्राक्षारसाचा एक जादा पेला भरून ठेवतात. छोट्या सॉलोमनने विचारले, तो खरेच येऊन पितो का? काका म्हणाले, नीट बघत राहा, पातळी खाली जाईल. मुलगा टक लावून बघत राहिला, आणि त्याला ती किंचित खाली गेलेली दिसली. आमच्याकडे पितृपक्षात कावळा पानाला शिवेपर्यंत सगळे घर श्वास रोखून खिडकीत उभे राही आणि दूरच्या फांदीवरची कुठलीही हालचाल आम्हा मुलांना 'आलाच' अशी वाटे, त्यामुळे मला तो पेला अगदी ओळखीचा वाटतो. पुढे मोठेपणी, १९५०च्या सुमारास, ॲशने तरुणांना काही रेघा दाखवल्या आणि यांतली कोणती त्या दुसऱ्या रेघेएवढी आहे, असे विचारले. एकट्याने उत्तर द्यायचे तर शंभरात एखादेच चुकेल, इतके ते सोपे होते. पण आधी उत्तर देणारे सगळे सामील होते आणि ठरवून एकच चुकीची रेघ सांगत होते. १२३ जणांच्या उत्तरांचा हिशेब झाला तेव्हा अशा वेळी दिलेल्या उत्तरांपैकी एक तृतीयांशाहून अधिक उत्तरे गर्दीच्या बाजूने चुकलेली निघाली. साधारण एक चतुर्थांश माणसे मात्र एकदाही ढळली नाहीत, आणि त्या माणसांविषयी मला मत्सर वाटतो हे लपवण्यात अर्थ नाही.

त्याच प्रयोगाचा आणखी एक भाग आहे. त्या सामील मंडळींपैकी एकाला खरे उत्तर द्यायला सांगितले, की बिचकणाऱ्याची चूक एकदम चौथ्या हिश्शावर येई. सगळी खोली विरोधात असली तरी एक आवाज पुरे होई. पार्किंगमध्ये तो एक आवाज कोणाचा व्हायला हवा होता, हे मी स्वतःला विचारत नाही, कारण उत्तर माहीत आहे. आजोबा माझ्याकडे बघत होते.

लोणंदजवळच्या आमच्या गावी, आजीच्या घरी, गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असे. लाकडे फोडायला एक गृहस्थ येत, तो कप त्यांचा. चहा झाला की ते स्वतःच तो पन्हळीखाली विसळून पालथा ठेवत. कोणी त्यांना तसे सांगितल्याचे मी कधी ऐकले नाही, आणि कोणी कधी सांगितलेच नसावे. ती गोष्ट घराच्या उंबरठ्याइतकीच जुनी आणि उंबरठ्याइतकीच न दिसणारी होती. आजी कठोर नव्हती. त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाला तिने तूप आणि डिंक पाठवले होते. पण कप कोनाड्यातच राहिला. मग ज्येष्ठ संपता संपता माऊलींची पालखी नीरा ओलांडून यायची आणि लोणंदला उतरायची. एका दिंडीचे पिठले-भाकरीचे जेवण आमच्या घरी असे. अंगणात चुलवण पेटे, भाकऱ्यांची उतरंड लागे, टाळ-मृदंगाचा आवाज वाढत वाढत थेट दारात येई, आणि आजी उभ्या अंगणात येईल त्या प्रत्येकाच्या पायाला हात लावत सुटे. एका वर्षी त्या दिंडीत ते लाकडे फोडणारे गृहस्थ होते, गळ्यात टाळ, कपाळाला बुक्का. आजी त्यांच्यापुढेही वाकली. ते चपापून मागे सरले आणि मग तेही वाकले, आणि दोन म्हातारी माणसे एकमेकांच्या पायांशी अशी ओणवी असलेली मी डोळे विस्फारून बघत राहिले.

पालखी पुढे तरडगावच्या वाटेला लागली. आठवड्याभराने ते गृहस्थ कामावर आले तेव्हा चहा कोनाड्यातल्या कपात दिला गेला. मी आजीला विचारलेच, की तेव्हा तू यांच्या पाया पडलीस ना? तिने जराही न गडबडता सांगितले, "तेव्हा तो माऊली होता. आज तो लाकडं फोडायला आलाय."

लहानपणी मला ते उत्तर पटले होते. मोठेपणी, पुण्यात शिकायला आल्यावर, ते ढोंग वाटायला लागले आणि बरीच वर्षे मी ते ढोंग म्हणूनच लोकांना सांगत असे. आता वाटते की आजी फक्त अचूक बोलली होती. दिंडीच्या रिंगणात तिच्या अंगातून एक बाई वागत होती आणि गोठ्याच्या दाराशी दुसरी, आणि दोघीही खऱ्या होत्या. वारी तरी सगळीकडे एकसारखी कुठे होती? दिंड्या जातीजातींच्या असत. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे, आणि विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले. ज्यांनी दारे अडवली होती, तेही वाळवंटात माऊली माऊली म्हणतच असणार.

पण त्याच पालखीतली एक गोष्ट मला कुठल्याही प्रयोगापेक्षा मोठी वाटते, आणि ती मी लोणंदच्या तळावर वडिलांच्या खांद्यावर बसून पहिल्यांदा पाहिली. संध्याकाळी पालखी तळावर पोचली की समाज आरती होते. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, इतके की छातीच्या फासळ्या थरथरतात. मग चोपदार आपला दंड उंच धरतात आणि पुकारा करतात. एका क्षणात सगळे शांत होते. एवढ्या माणसांची ती शांतता अंगावर येते. लांबवर कुठेतरी एखादे घोडे फुरफुरलेलेही ऐकू येते. आणि त्या वर्षी, त्या शांततेत, एका कोपऱ्यात टाळ वाजतच राहिले. मला वाटले त्यांना दंड दिसला नसेल. मी वडिलांना म्हटले, "ते का थांबत नाहीत?" वडील म्हणाले, "त्यांचं काहीतरी गाऱ्हाणं आहे. ऐकून घेतल्याशिवाय ते थांबणार नाहीत." चोपदार चालत त्या दिंडीपाशी गेले, काय झाले ते विचारले, काहीतरी बोलणे झाले, आणि मग ते टाळ थांबले. हरवल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा झाला, आरती झाली. गाऱ्हाणे काय होते, ते आमच्यापर्यंत पोचले नाही. पाण्याचे असेल, तंबूच्या जागेचे असेल. पण मला अजूनही नवल वाटते ते त्या रिवाजाचे. लाखभर माणसांनी एका दंडासरशी गप्प व्हायचे, हा शिस्तीचा भाग झाला. आणि त्याच शिस्तीत, ज्याला पटलेले नाही त्याने गप्प व्हायचे नाही, याचीही सोय कोणीतरी शहाण्या माणसाने करून ठेवली. तिथे टाळ वाजवत राहणाऱ्याला कोणी आडमुठा म्हणत नाही. त्याला उठून उभे राहण्याचेही धाडस करावे लागत नाही, हातातले थांबवायचे नाही, इतकेच.

आमच्या सभेत विरोध विचारला जातो तेव्हा पान उलटण्याचा आवाज येतो.

गाव एकत्र बसले की काय होते, हे महाराष्ट्राने पुष्कळदा पाहिले आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्यांनी घातला त्यांतले कितीतरीजण त्यांना लहानपणापासून ओळखणारे, हुशार मुलगा म्हणून कौतुक करणारे असतील. गाव त्यासाठी बसले असेल, तेव्हा कोणीतरी नक्कीच चष्मा पुसत असेल, किंवा त्या काळी जे पुसत असतील ते. वाळीत टाकण्याची आमची खोड इतकी चिवट, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. माझ्यावर पार्किंगमध्ये असला कुठलाही बहिष्कार येणार नव्हता. फार तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एखादे बोलावणे उशिरा आले असते. एवढ्यासाठी माझा हात वर गेला, हे लिहिताना पेन जड होते.

आणि त्या माणसांना वाईट ठरवून मोकळे व्हावे, तर तेही जमत नाही. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मावशींसारख्या सगळ्यांचे येणे एका रात्रीत थांबले, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या याच तरुणाने सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात लिहिले होते, 'आमच्या ताईंना आम्ही पूर्ण पगार देणार आहोत.' त्याच्याखाली दहा मिनिटांत रांग लागली, आम्हीही, आम्हीही. त्या रांगेत मी चौथी की पाचवी होते. त्याने लिहिले नसते तर मी पूर्ण पगार दिला असता का? दिला असता, असे मला वाटते. पण त्या रविवारनंतर मी अशा वाटण्याला फारशी किंमत देत नाही. त्याच तरुणाने त्या काळात मला दोनदा औषधे आणून दिली आणि पैसे घ्यायला तो विसरला. तीच बावीस कुटुंबे, तीच दुसऱ्याच्या तोंडाकडे बघण्याची सवय. एकदा तिने आठ बायकांच्या चुली चालू ठेवल्या आणि एकदा त्याच आठ बायकांना जिन्याने चढायला लावले.

या वर्षीच्या ज्येष्ठात मी मावशींबरोबर दिवे घाट चढले होते. त्या मूळच्या बार्शीकडच्या, आणि पालखी पुण्यातून सासवडला निघते तो दिवस त्या दरवर्षी सुट्टी घेऊन चालतात. गुडघ्यांची भीती वाटत असतानाही या वर्षी मी त्यांच्यामागे लागून गेले. हडपसर सोडल्यावर पाऊस सुरू झाला. घाटाच्या पायथ्याशी रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या जात होत्या आणि वर वळणावळणांवर माणसांची एक पांढरी नदी चढत होती. मधल्या एका वळणावर माझा श्वास पुरेनासा झाला. मी कठड्याला टेकले, तेव्हा मावशींनी माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली, कोपराखाली हात घातला आणि म्हणाल्या, "चला माऊली, बसलं की पाय धरत्यात." मीही त्यांना माऊली म्हटले आणि त्या लाजून हसल्या. अकरा वर्षांत मी त्यांना मावशीच म्हणत आले आहे. खरे तर त्या माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहेत, आणि आईच्या बहिणीचे नाव मी त्यांना कुठल्या हिशेबाने दिले, हे आमच्या शहरात कोणी कोणाला विचारत नाही. सासवडला एका मांडवात आम्ही एका द्रोणातली भाजी दोघींत खाल्ली. मला त्या दिवशी स्वतःविषयी फार बरे वाटले होते. आजीपेक्षा आपण पुढे आलो, असेही मनात येऊन गेले असावे.

मधे दोन-अडीच महिने गेले, आणि मग तो सप्टेंबरचा रविवार आला.

शुक्रवारी संध्याकाळी, आजोबांचे आणि त्या दोघींचे सांगून झाल्यावर, मी खाली जाऊन तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. तोवर मी त्याच्यासमोर रोज उभी राहत होते आणि मजल्याच्या आकड्यांकडे बघत होते. कागद छापील होता, सोसायटीच्या शिक्क्याचा. वर ठरावाचा मजकूर, त्याखाली 'सर्वानुमते मंजूर', त्याखाली डावीकडे सूचक म्हणून त्या तरुणाचे नाव. उजवीकडे अनुमोदक. आणि तिथे माझे नाव, वडिलांचे आणि आडनावही, सदनिकेच्या क्रमांकासह.

तेव्हा आठवले. हात खाली गेल्यावर, खुर्च्या सरकायला लागल्यावर, सचिव वहीतून डोके वर न काढता म्हणाले होते, "ताई, अनुमोदक म्हणून तुमचं नाव टाकतो, चालेल ना?" मी हातात वड्याची डिश घेत होते. मी मान हलवली होती. लोकांत आपण किती गोष्टींना अशी मान हलवतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. या एका मानेचा मात्र सचिवांनी ठेवला होता. मी कोणालाही फसवले नव्हते, मला फक्त आठवले नव्हते, असे मी त्या कागदासमोर उभी राहून स्वतःला दोनदा सांगितले. आणि मग, तिसऱ्यांदा सांगू लागले तेव्हा, लक्षात आले की मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. माझ्या किराणाच्या याद्या त्याच वाचतात. सोमवारी त्यांनी हा कागद वाचला होता, शेवटपर्यंत वाचला होता, मग सहा मजले चढून वर येऊन मला विचारले होते, सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणं? आणि मी म्हटले होते, कमिटीनं.

दुसऱ्या दिवशी त्या केर काढत असताना मी म्हटले, "मावशी, त्या कागदावर माझं नाव आहे."

"व्हय, वाचलं हुतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलला नाहीत."

त्यांनी सुपलीत केर भरला. "काय बोलायचं ताई. तुमीच कमिटी म्हणलात."

त्यांच्या बोलण्यात राग असता तर मला काहीतरी करता आले असते. रडता आले असते, निदान माफी मागता आली असती. पण त्यांनी मला माझ्याच शब्दांच्या आडोशाला राहू दिले होते, आठवडाभर, आणि तो आडोसा मोडायचाही त्यांना उत्साह नव्हता. कामाला जाणाऱ्या माणसाला रोज किती घरांतल्या किती माणसांचे असे आडोसे सांभाळावे लागत असतील, याचा विचार माझ्या मनात त्याआधी आला नव्हता.

मी सचिवांना अर्ज लिहिला. माझे अनुमोदन मागे घेत असल्याचे आणि विरोध नोंदवावा असे त्यात लिहिले. तो घेऊन मी लिफ्टमध्ये बोललेल्या तिघांकडे गेले. आजोबांनी दोनदा वाचून, पेन शोधून, थरथरत्या अक्षरांत सही केली आणि मला लिमलेटची गोळी दिली. एकजण म्हणाली, यांना विचारून सांगते. तिसरीने दार उघडले नाही, आत टीव्ही चालू होता. सचिव फोनवर अतिशय नम्रपणे म्हणाले की ठराव एकदा मंजूर झाला की तो पुढच्या सभेतच बदलता येतो, पण अर्ज फाइलला लावून ठेवतो. "दोघांचाच विरोध आहे ना?" त्यांनी विचारले. "नावं काय लिहू?" चौदा वर्षे ते आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मंजुरी देणाऱ्या बावीसजणांतले मी सोडून कोणाचेही नाव त्या कागदावर लागले नाही, सूचक वगळता. विरोध करायचा तर मात्र प्रत्येकाने आपापले नाव सांगावे लागते. मी सांगितले.

दिवाळीआधी मागची लिफ्ट दुरुस्त झाली, त्यामुळे आता कोणी या विषयावर बोलत नाही. मावशी वेळेवर, साडेआठला येतात. परवा मी मंडईतून भाजी घेऊन आले तेव्हा त्या मला खाली भेटल्या, दुसरे काम संपवून आमच्याकडे निघालेल्या. लिफ्ट वर येत होती. मी म्हटले, "चला की, बरोबरच जाऊ." त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिले, त्याचा एक कोपरा आता सुटून वळला आहे. दार उघडले. आत तळघरातून आलेले तिघेजण होते, तिसऱ्या मजल्यावरचा तो तरुणही. कोणी काही बोलले नाही. सगळे दाराच्या वरच्या आकड्यांकडे बघत होते. "तुमी व्हा फुडं," मावशी म्हणाल्या आणि मागच्या बाजूला वळल्या. मी हाक मारण्यासाठी तोंड उघडले, तरुणाने दार धरून ठेवले होते, हातातली पिशवी जड होती, लोक थांबले होते. मी आत गेले. सहाचे बटण त्याने माझ्यासाठी आधीच दाबले होते.